पुतळा गुरुजींचा, नर्तकीची नोंद कोठे?

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर टिटवाळा आणि वासिंद यांच्या मध्ये खडवली हे स्थानक लागते. भातसा नदीचा काठ, पावसाळ्यात तेथे लोटणारी सहलकरूंची गर्दी आणि सकाळची गाडी गाठून ठाण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत जाणारा नोकरदार वर्ग, ही या गावाची बाहेरच्यांना असलेली ओळख. अशा गावांतील शाळांची स्नेहसंमेलने किंवा गणेशोत्सवातील करमणुकीचे कार्यक्रम पाहिले, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. मुली लावणीवर ठेका धरतात. जुन्या हिंदी चित्रपटांतील कॅबरे-गीतांवर झगमगीत पोशाखात नाचतात. पालक कौतुकाने छायाचित्रे घेतात, शिक्षक बक्षिसे वाटतात. यात गैर काही नाही. परंतु ज्या स्त्रियांनी पोटासाठी रात्री जागवून ही नृत्ये घडविली, त्यांच्याविषयी त्याच व्यासपीठावरून कोणी चार शब्द बोलू लागला, तर सभागृह अवघडून जाईल. नृत्य घरात आले. नर्तकी मात्र उंबऱ्याबाहेरच राहिली.

कॅबरे आणि नाइट क्लब यांच्या सांस्कृतिक वारशाचा प्रश्न मराठी माणसाला पॅरिस-बर्लिनचा, म्हणजे परक्याच्या घरचा वाटतो. वस्तुतः तो तसा नाही. हा वारसा मराठी समाजाने कधीच नाकारलेला नाही. तो त्याने निवडून घेतला आहे. संगीत घेतले, ठेका घेतला, पडद्यावरची प्रतिमा घेतली, आणि या सर्वांबरोबर एक कथाही घेतली. ती कथा अशी, की नाचणारी बाई म्हणजे मोह आणि तिच्यापायी बरबाद होणारा सज्जन पुरुष हाच खरा नायक. २००५ साली महाराष्ट्राने डान्स बारवर बंदी घातली, तेव्हा विधिमंडळात जणू हीच कथा पुन्हा एकवार मांडली गेली. या कथेचा उगम कोठला आणि तिने काय झाकले, हे पाहिल्याशिवाय त्या वारशाचा हिशेब पुरा होणार नाही.

बर्लिनहून आलेली गोष्ट

व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ १९७२ साली प्रदर्शित झाला आणि मराठी चित्रपटाच्या इतिहासात त्याने मानाचे स्थान मिळविले. शंकर पाटलांचे लेखन, जगदीश खेबुडकरांची गीते, राम कदमांचे संगीत, डॉ. श्रीराम लागू, संध्या आणि निळू फुले यांच्या भूमिका. एवढी सामग्री क्वचितच एकत्र येते. गावाने देव मानलेला एक आदर्शवादी शिक्षक तमाशातील नर्तकीच्या नादी लागतो आणि फडामागे फरफटत जातो. गावाला मात्र वाटते, की गुरुजींचा खून झाला. गाव त्यांचा पुतळा उभारते, आणि अखेर त्याच गुरुजींवर स्वतःच्याच खुनाचा आरोप शाबीत होतो. ही गोष्ट मराठी मातीत इतकी रुजली, की ती मुळात येथली नाही हे अनेकांना ठाऊकही नसते.

‘पिंजरा’चे मूळ जर्मनीत आहे. १ एप्रिल १९३० रोजी बर्लिनमध्ये ‘ब्लू एंजल’ हा बोलपट प्रथम दाखविण्यात आला. दिग्दर्शक योसेफ फॉन स्टर्नबर्ग. प्राध्यापक राठच्या भूमिकेत एमिल यानिंग्ज आणि लोला लोला या गायिका-नर्तकीच्या भूमिकेत मार्लेन डीट्रिश. ‘ब्लू एंजल’ हे त्यातील कॅबरेचे नाव. आपले विद्यार्थी तेथे जातात म्हणून त्यांना पकडण्यासाठी गेलेला शिस्तप्रिय मास्तर तेथेच अडकतो, लोलाशी लग्न करतो, विदूषक होऊन रंगमंचावर उभा राहतो आणि शेवटी आपल्या जुन्या वर्गातील टेबलाला मिठी मारून प्राण सोडतो. शांताराम यांनी कॅबरेच्या जागी तमाशाचा फड आणला आणि जर्मन गावाच्या जागी मराठी खेडे. कथेचा सांगाडा तोच राहिला. यात उणेपणा मानण्याचे कारण नाही. कलेत अशी देवघेव चालतेच. जगातील एका प्रसिद्ध कॅबरेचा वारसा मराठीत या वाटेने आला, एवढेच येथे ध्यानात घ्यावयाचे.

परंतु त्या बोलपटाच्याही आधी एक कादंबरी होती, आणि तिच्यात गोष्टीचे टोक वेगळ्याच दिशेला वळले होते. हाइनरिश मान यांची ‘प्रोफेसर उन्राट’ ही कादंबरी १९०५ सालची. तिच्यातील मास्तर नोकरी गमावल्यावर मरून जात नाही. तो सूडाला पेटतो. नर्तकीसह आपल्या घरातच तो जुगाराचा आणि रंगेलपणाचा अड्डा उघडतो. गावातले जे प्रतिष्ठित दिवसा त्याला हिणवत, तेच रात्री त्याच्या दारात येऊन उभे राहतात. मान यांच्या शस्त्राचा रोख नर्तकीवर नव्हता. तो त्या प्रतिष्ठितांवर होता. बोलपटाने हा भाग गाळला. ‘पिंजरा’ने पुतळ्याचा प्रसंग घालून गावाच्या भाबड्या आणि खोट्या प्रतिष्ठेला चिमटा घेतला, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. तरीही प्रेक्षक चित्रगृहाबाहेर पडतो तो गुरुजींसाठी हळहळत. फडातील स्त्री कोठून आली, तिचे पुढे काय झाले असते, फड बंद पडल्यावर तिच्या घरची चूल कशी पेटली असती, हा प्रश्न त्याला पडत नाही. कारण कथेची बैठकच गुरुजींच्या खुर्चीत आहे.

बर्लिनच्या कॅबरेचे पुढे काय झाले, हेही या संदर्भात विसरता येत नाही. १९३३ साली हिटलरची सत्ता आली. ‘ब्लू एंजल’वर बंदी आली, हाइनरिश मान यांची पुस्तके जाळण्यात आली, आणि त्यांनी तत्पूर्वीच देश सोडला होता. बोलपटाचे संगीतकार फ्रीडरिश हॉलेंडर यांनाही परागंदा व्हावे लागले. त्यात जादूगाराची भूमिका करणारे कुर्ट गेरोन हे ज्यू कॅबरे-कलावंत १९४४ साली आउश्वित्झमध्ये मारले गेले. नीतिमत्तेच्या नावाने करमणुकीची दारे बंद करणारे राज्य तेवढ्यावर थांबेलच असे नाही, हा धडा जर्मनीने अत्यंत महाग किमतीला घेतला. महाराष्ट्रातील बंदीची तुलना त्या संहाराशी करणे अर्थातच अनुचित आणि अतिरेकी ठरेल. तरीही कोणाचे नाच ‘ऱ्हासाचे लक्षण’ आणि कोणाचे ‘संस्कृती’, हे ठरविण्याचा अधिकार राज्याच्या हाती देताना सावध असावे, एवढा बोध त्यातून घ्यावयास हरकत नाही.

चित्र संग्रहालयात, चित्रातली रस्त्यावर

कॅबरेच्या वारशाची वाटणी जगभर एकाच न्यायाने झालेली दिसते. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीच्या पायथ्याशी ६ ऑक्टोबर १८८९ रोजी ‘मूलाँ रूझ’ उघडले. त्याच्या छपरावरची लाल पवनचक्की आज जगभर ओळखली जाते. तुलूझ-लोत्रेक या चित्रकाराने १८९१ साली त्याची जे भित्तिपत्रक केले, ते आता कलासंग्रहालयांचे भूषण आहे. त्या पत्रकाच्या मधोमध नाचणारी स्त्री म्हणजे लुईझ वेबर. प्रेक्षकांनी तिला ‘ला गूल्यू’, म्हणजे अधाशी, हे टोपणनाव दिले होते. हीच स्त्री उतारवयात त्याच परिसरात रस्त्यावर किरकोळ वस्तू विकून दिवस काढीत होती. १९२९ साली ती दारिद्र्यात वारली. तिचे अवशेष सन्मानाने मोंमार्त्रच्या दफनभूमीत आणण्यास पॅरिसला १९९२ साल उजाडावे लागले. चित्र संग्रहालयात गेले आणि चित्रातली स्त्री रस्त्यावर राहिली.

मुंबईतील इतिहास याहून फारसा निराळा नाही. १९३० आणि ४०च्या दशकांत मुंबईच्या मोठ्या हॉटेलांतील नृत्यदालनांत जॅझ वाजू लागले. वाजविणारे बहुतांशी गोव्याचे होते. पोर्तुगीज राजवटीतील चर्चच्या शाळांत त्यांनी स्वरलिपी आणि व्हायोलिन यांचे शिक्षण घेतले होते. बार्देशातील हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेट वाजवीत आणि ताजमहाल हॉटेलातील त्यांच्या वादनाला गर्दी लोटे. पुढे मुंबईत दारूबंदी आली, नाइट क्लबांचे दिवस पालटले, आणि हे वादक मोठ्या संख्येने चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणालयांकडे वळले. तेथे त्यांना अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, भेटले.

१९५१ सालच्या ‘अलबेला’मध्ये हा संगम परिपूर्ण झाला. संगीत सी. रामचंद्र यांचे, चिक चॉकलेट आणि त्यांचा वाद्यवृंद प्रत्यक्ष पडद्यावर, आणि नायक म्हणून भगवान आभाजी पालव, म्हणजे भगवानदादा, हा गिरणी कामगाराचा मुलगा. त्यांची ती ढंगदार पावले आजही विसर्जनाच्या मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत, बँडच्या तालावर नकळत पडतात. नाइट क्लबचा ठेका गिरणगावाच्या चाळींतून थेट गणपतीपुढे आला, तो असा. पुढे आशा भोसले यांनी ‘तीसरी मंझिल’ (१९६६) आणि ‘कारवाँ’ (१९७१) यांसारख्या चित्रपटांतून कॅबरे-गीताला जी चमक दिली, ती भारतीय गायनाच्या इतिहासाचा भाग झाली. २०२१ सालच्या महाराष्ट्र भूषण पुरस्कारासाठी शासनाने त्यांची निवड केली, ती सर्वस्वी योग्यच होती.

आता हिशेबाची दुसरी बाजू. हेलन यांना १९५०च्या दशकात चित्रसृष्टीत आणले ते कक्कू या नर्तकीने. स्वातंत्र्याच्या आगेमागे पडद्यावरील क्लबनृत्य म्हणजे कक्कू, असे समीकरण होते. १९८१ साली कर्करोगाने तिचा अंत झाला तेव्हा तिच्याजवळ औषधोपचारापुरताही पैसा नव्हता. हेलन यांना २००९ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या पिढीतील बहुसंख्य नर्तकींची नावेही श्रेयनामावलीत आली नाहीत. कलकत्त्यात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबातील आरती दास ‘मिस शेफाली’ या नावाने फिर्पोज या प्रसिद्ध उपाहारगृहात कॅबरे करू लागल्या. सत्यजित राय यांनी त्यांना ‘प्रतिद्वंद्वी’ (१९७०) आणि ‘सीमाबद्ध’ (१९७१) या चित्रपटांत घेतले. त्यांनी निदान आपले आत्मकथन बंगालीत नोंदविले आणि २०२० साली त्या गेल्या तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांची दखल घेतली. मुंबईच्या क्लबांत नाचलेल्या किती स्त्रियांचे असे आत्मकथन मराठीत उपलब्ध आहे?

बंदी, शुद्धीकरण, पुन्हा बंदी

नाचणाऱ्या स्त्रीकडे संशयाने पाहण्याची ही रीत मराठी समाजाने कॅबरेपासून शिकली, असे मात्र म्हणता येणार नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच वर्षांत मुंबई राज्याने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. दत्तो वामन पोतदार यांच्या समितीमार्फत तमाशाची ‘सुधारणा’ झाली, संहिता तपासून घेण्याची अट आली आणि मग फड पुन्हा उभे राहिले. या शुद्धीकरणातून लोकनाट्य जन्माला आले, मध्यमवर्गीय प्रेक्षक नाट्यगृहात आला आणि लावणी ‘महाराष्ट्राची शान’ ठरली. मात्र पिढ्यान्‌पिढ्या ही कला जगविणाऱ्या दलित आणि भटक्या जातींतील स्त्रियांच्या पदरी त्या मानाचा वाटा फारच थोडा पडला. शैलजा पाईक यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या संशोधनग्रंथात तमाशातील ‘अश्लीलता’ ही कल्पना जातीशी कशी निगडित आहे, हेच दाखविले आहे. राष्ट्रपतींचा सन्मान मिळालेल्या विठाबाई नारायणगावकर २००२ साली वारल्या. त्यांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. त्यांच्या नावाने आता शासन दरवर्षी जीवनगौरव पुरस्कार देते. पुरस्कार आधी आणि मृत्यू नंतर, असा क्रम निदान यापुढे तरी असावा.

ही पार्श्वभूमी असताना २००५ साल उजाडले. त्या वर्षीच्या मार्चअखेरीस विधानसभेत रायगड जिल्ह्यातील डान्स बारविषयी लक्षवेधी सूचना आली. तरुण पिढी बिघडते, संसार उद्ध्वस्त होतात, स्त्रीच्या प्रतिष्ठेला बाधा येते, गुन्हेगारी पोसली जाते, अशी कारणे पुढे करण्यात आली. उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदीची घोषणा केली. जुलैत दोन्ही सभागृहांनी विधेयक एकमताने मंजूर केले आणि ऑगस्टमध्ये मुंबई पोलीस कायद्यात ३३अ आणि ३३ब ही नवी कलमे अमलात आली. मुंबई, ठाणे आणि पनवेलच्या पट्ट्यातील बारमधील दिवे विझले. बेकार झालेल्या स्त्रियांची संख्या ७५ हजारांवर असल्याचे पुढे न्यायालयात मांडण्यात आले.

या कायद्याचे खरे रूप ३३ब या कलमात होते. त्यानुसार तीन तारे किंवा त्याहून वरच्या दर्जाची हॉटेले, तसेच सभासदांपुरतेच खुले असलेले क्रीडा-क्लब आणि जिमखाने बंदीतून वगळण्यात आले होते. म्हणजे तेच नृत्य शंभराच्या नोटा उधळणाऱ्यापुढे झाले तर स्त्रीच्या प्रतिष्ठेला काळिमा, आणि हजारांचे बिल भरणाऱ्यापुढे झाले तर करमणूक! मद्य दोन्हीकडे, प्रकाशझोत दोन्हीकडे, पुरुषाची नजरही दोन्हीकडे तीच. फरक होता तो प्रेक्षकाच्या खिशाचा. १९५१ साली ज्या ठेक्याला चाळीत येण्यास कोणी अडविले नव्हते, त्या ठेक्याला २००५ साली हॉटेलच्या ताऱ्यांची संख्या विचारली गेली.

१२ एप्रिल २००६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही कलमे घटनाबाह्य ठरविली आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. बंदीने बेकार झालेल्या अनेक स्त्रियांना देहविक्रयाकडे वळावे लागले, म्हणून हा उपाय रोगाहून वाईट ठरला, असे सर्वोच्च न्यायालयाने नमूद केले. राज्याने त्यावर काढलेला मार्ग विलक्षण होता. २०१४ साली हॉटेलांची सवलत काढून घेण्यात आली. भेदभाव मिटला, बंदी सार्वत्रिक झाली. २०१५ साली न्यायालयाने तिला स्थगिती दिली. २०१६ साली नवा कायदा आला. त्यातील व त्याखालील नियमांतील अटी अशा होत्या, की परवाना कागदावर असावा, हातात पडू नये. शाळा आणि प्रार्थनास्थळे यांच्यापासून एक किलोमीटर अंतराची अट त्यांपैकीच एक. खडवलीसारख्या गावाच्या नकाशावर शाळा आणि देवळे यांभोवती अशी वर्तुळे काढली, तर बाहेर बहुधा शेते आणि नदीचे पात्र एवढेच उरेल. मुंबईसारख्या शहरात तर तेवढेही उरत नाही. १७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही अट रद्द केली. नृत्याच्या जागी कॅमेरे लावण्याची आणि मद्यपान व नृत्य यांच्यामध्ये भिंत उभारण्याची सक्तीही तेव्हाच रद्द झाली. नोटा उधळण्यावरील बंदी मात्र कायम राहिली, आणि ती योग्यच आहे. २०२२ साली ऑर्केस्ट्रा बारच्या मंचावर स्त्रिया किती आणि पुरुष किती, हे ठरवून देणारी अटही न्यायालयाने मोडीत काढली. सतरा वर्षांत राज्याने कायदे केले आणि न्यायालयांनी ते दुरुस्त केले. नाचणाऱ्या स्त्रीला कामगार म्हणून काय हक्क असावेत, याचा स्वतंत्र विचार या काळात विधिमंडळाने क्वचितच केला.

दुसरी बाजू

बंदीच्या समर्थकांचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. महिन्याचा पगार एका रात्रीत बारमध्ये उडवून रिकाम्या हाताने घरी परतलेल्या पुरुषाची पत्नी काल्पनिक नव्हे. अल्पवयीन मुलींना या व्यवसायात ढकलले गेल्याची प्रकरणे घडली. पोलिसांचे हप्ते, गुंडांचा वावर, मध्यस्थांची दलाली हे सारे वास्तव होते. ‘चांदनी बार’ (२००१) या हिंदी चित्रपटाने बंदीच्या चार वर्षे आधीच हे दाखविले होते. नर्तकीला स्वतंत्र कलावंत म्हणून गौरविताना तिची असहायता विसरणे, हाही दुसऱ्या प्रकारचा ढोंगीपणाच ठरतो.

या बाबतीत मराठीतील एक पुस्तक डोळे उघडणारे आहे. डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ साली प्रसिद्ध झाले. तमाशात नाचणाऱ्या आईचा हा मुलगा. बापाचे नाव नाही म्हणून आईचे नाव लावणारा. मुलीच्या नाचण्यावर जगणारे घरचे पुरुष, तिला ‘ठेवणारे’ आणि मग टाकून देणारे गावचे प्रतिष्ठित, शिक्षणासाठी धडपडणाऱ्या पोराची उपासमार, यांपैकी काहीही त्यांनी झाकले नाही. या पुस्तकात कलेचे गोडवे नाहीत. परंतु त्यात नर्तकी हा मोह नाही. ती कोणाची तरी आई आहे, कोणाची तरी बहीण आहे, आणि तिच्या श्रमावर एक अख्खे घर चालते. ‘पिंजरा’ जेथे संपतो, तेथून हे पुस्तक सुरू होते. शोषण खरे आहे, हे त्याने सांगितले. आणि त्या शोषणाचे धनी गावातच राहतात, हेही सांगितले. बंदीच्या कायद्याने बंद केली ती नर्तकीची मिळकत. तिच्यावर जगणारे आणि तिला लुटणारे यांच्यावर त्याने काय कारवाई केली, असे विचारले तर उत्तर फारसे मिळत नाही.

एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास संशोधन केंद्राने बंदीच्या सुमारास एका स्त्री-संघटनेसह मुंबईतील ५०० बारनर्तकींची पाहणी केली होती. तीतून दिसले, की त्यांच्यातील अनेकजणी परंपरेने नाचगाण्यावर जगणाऱ्या समाजांतल्या होत्या. राजाश्रय आणि जमीनदारांचे आश्रय गेले, कोठ्या आणि फड बसले, आणि त्या वाटेने त्या शहरातील बारमध्ये पोहोचल्या. म्हणजे ज्याला केवळ महानगरी विकृती म्हटले गेले, त्याची मुळे जुन्या लोककलांच्या ऱ्हासातही होती. एक दार बंद केले म्हणून त्या दुसऱ्या दारी गेल्या. दुसरे बंद केले, तेव्हा तिसऱ्याची चौकशी कोणी केली नाही.

नोंदीचे काम

जी नोंद झाली, ती कोठे झाली हेही पाहण्यासारखे आहे. ठाणे जिल्ह्यातील मीरा रोड येथील एका बारनर्तकीचे आयुष्य सोनिया फलेरो यांनी जवळून पाहिले आणि २०१० साली ‘ब्यूटिफुल थिंग’ या इंग्रजी पुस्तकात मांडले. मुंबईच्या जॅझचा आणि गोव्याच्या वादकांचा इतिहास नरेश फर्नांडिस यांनी २०१२ साली इंग्रजीतच लिहिला. ख्रिस पेरी आणि लॉर्ना यांच्या गीतांच्या आधारे बार्ड्रॉय बार्रेटो यांनी कोकणीत ‘नाचुंया कुंपासार’ हा चित्रपट काढला. या शहरांत, या उपनगरी गाड्यांत, मराठी बोलणाऱ्या माणसांच्या शेजारी जे घडले, त्याचे दस्तऐवज इतर भाषांनी केले. लावणीच्या बाबतीत मराठीत अलीकडे काही चांगले काम झाले आहे. नाइट क्लब आणि बार यांच्या बाबतीत मराठी भाषा अजून संकोचाने गप्प आहे.

हा संकोच दूर करण्यासाठी बारना मोकळे रान द्यावे असे नाही. परवाना, वेळमर्यादा, वयाची काटेकोर तपासणी, उधळपट्टीवर निर्बंध, हे सर्व असावेच. परंतु त्याच परवान्याच्या अटींत नर्तकी आणि गायिका यांचा लेखी करार, ठरलेले वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि रात्री सुरक्षित घरी पोहोचण्याची व्यवस्था यांचाही समावेश असावा. आजवर अटी घातल्या गेल्या त्या तिला दूर ठेवण्यासाठी. आता त्या तिला संरक्षण देण्यासाठी घालाव्यात. वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची शासनाची योजना आहे. तीत चित्रपटांच्या समूहनृत्यांत आणि क्लबांत उमेद घालविलेल्या स्त्रियांचे अर्ज बाजूला पडू नयेत. विद्यापीठांच्या लोककला आणि स्त्री-अभ्यास विभागांनी त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. १९६० आणि ७०च्या दशकांत नाचणाऱ्या स्त्रिया आता ऐंशीच्या घरात आहेत.

आणि शिक्षकांना याहून सोपी गोष्ट करता येण्यासारखी आहे. स्नेहसंमेलनात मुली लावणीवर किंवा कॅबरे-गीतावर नाचणार असतील, तर ते नृत्य कोणत्या कलावंतांनी घडविले, याची दोन मिनिटांची माहिती निवेदनात द्यावी. विठाबाईंचे नाव घ्यावे, कक्कूचे घ्यावे, चिक चॉकलेटचे घ्यावे. त्याने मुले बिघडणार नाहीत. उलट ज्या गोष्टीचा आनंद घ्यावा, तिच्या कर्त्याला ओळख द्यावी, हा एक साधा संस्कार त्यांना मिळेल.

गुरुजींची कथा मराठी समाजाने मनापासून ऐकली, आणि ती ऐकण्याजोगी होतीच. परंतु ज्या समाजाला फक्त गुरुजींचे दुःख कळते, तो पुतळे उभारीत राहतो आणि माणसे गमावीत राहतो. हाइनरिश मान यांनी १९०५ साली विचारलेला प्रश्न, रात्री त्या दारात येणारे प्रतिष्ठित कोण, हा अद्याप उत्तराची वाट पाहत आहे. त्याचे उत्तर देण्याचे धैर्य आले, की नर्तकीची नोंद करणे फारसे अवघड उरणार नाही.